चहूबाजूंचा आवाज आणि त्याचे माप

दिवाणखान्यात पाच स्पीकर आणि एक सबवूफर मांडून घरीच चित्रपटगृहासारखा आवाज मिळवण्याची हौस आता मध्यमवर्गीय घरांतूनही दिसू लागली असली, तरी ही सामग्री घरी आणल्यानंतर करावयाचे सर्वांत महत्त्वाचे काम बहुतेक ठिकाणी राहूनच जाते. प्रत्येक स्पीकरचा आवाज ऐकणाऱ्याच्या कानापाशी सारख्याच जोराने पोहोचेल अशा बेताने त्या सर्वांची पातळी जुळवणे, हे ते काम होय. ते झालेले नसेल, तर संवाद नीट ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा लागतो, पुढच्याच दृश्यात स्फोटाने खिडकीची तावदाने थरथरली की तो घाईघाईने उतरवावा लागतो, आणि अख्खा चित्रपट रिमोट हातात धरूनच पाहिला जातो. उलट बेताच्या किमतीची सामग्रीदेखील नीट जुळवली गेली असेल, तर स्पीकर कोठे ठेवले आहेत याचा काही मिनिटांतच विसर पडतो. या जुळवणीसाठी फारसा खर्च येत नाही; हवी असते ती तासा-दीड तासाची निवांत वेळ आणि खोलीत आवाज कसा वागतो याची थोडी ओळख.

आवाजाने प्रेक्षकाला सर्व बाजूंनी वेढावे ही कल्पना जुनी आहे. वॉल्ट डिस्ने यांच्या १९४० सालच्या ‘फँटेशिया’ या चित्रपटासाठी ‘फँटासाउंड’ नावाची खास ध्वनियोजना तयार करण्यात आली होती, परंतु तिची यंत्रे इतकी अवजड आणि खर्चिक होती की ती मोजक्याच ठिकाणी बसू शकली. भारतीय प्रेक्षकांच्या मनात या कल्पनेने घर केले ते १९७५ साली ‘शोले’मुळे. ७० मिलिमीटरच्या प्रती आणि स्टीरिओफोनिक ध्वनी घेऊन आलेला हा चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला, आणि नाणे उडवले जाते त्या प्रसंगी ते आपल्याच पायाशी पडले असे वाटून लोक खुर्चीखाली वाकून पाहत, असे आजही सांगितले जाते. त्यानंतर १९७९ च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या ७० मिलिमीटर प्रतींमध्ये मागचा डावा आणि मागचा उजवा आवाज स्वतंत्र झाला, १९९२ च्या ‘बॅटमन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल आले, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस डीव्हीडीने हीच रचना घराघरांत पोहोचवली. तिलाच ‘५.१’ असे म्हणतात. त्यातील पाच म्हणजे पुढचा डावा, पुढचा उजवा, पडद्याच्या मध्याशी असलेला सेंटर, आणि ऐकणाऱ्याच्या दोन्ही बगलांना किंचित मागे असलेले दोन सराउंड स्पीकर. दशांशचिन्हापुढचा एक म्हणजे केवळ खोल, घुमणाऱ्या आवाजासाठी राखून ठेवलेला चॅनेल, जो सबवूफर नावाच्या पेटीतून वाजतो. २०१२ साली ‘ब्रेव्ह’ या चित्रपटापासून सुरू झालेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉसने यात छतावरच्या स्पीकरांची भर घातली, म्हणून आता ‘५.१.२’ असाही आकडा खोक्यांवर छापलेला दिसतो.

चित्रपटाचा अंतिम ध्वनी जेथे मिसळला जातो त्या स्टुडिओत पातळीचे एक ठरलेले माप असते, आणि घरातील सारी जुळवणी त्या मापाशी नाते सांगते. तेथे ठरावीक ताकदीचा चाचणी-आवाज एकेका स्पीकरमधून वाजवला जातो आणि मिश्रण करणारा तंत्रज्ञ जेथे बसतो तेथे पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरची पातळी ८५ डेसिबल भरेल अशी व्यवस्था केली जाते. एकदा हे माप बसले की तो तंत्रज्ञ आपल्या कानाने निर्णय घेतो: नायिकेची कुजबुज इतकी, मागच्या गल्लीतल्या कुत्र्याचे भुंकणे इतके, पावसाची रिपरिप त्याहून थोडी खाली. हे सारे निर्णय चित्रपटाच्या ध्वनीत गोठवलेले असतात, आणि ते जसेच्या तसे ऐकू येण्यासाठी एकच अट असते, ती म्हणजे ऐकणाऱ्याच्या खोलीतही पाचही दिशांना समान वजन मिळाले पाहिजे. सेंटर स्पीकर चार डेसिबलने मागे पडला असेल, तर तंत्रज्ञाने स्पष्ट ठेवलेली कुजबुज पावसात बुडून जाते, आणि दोष मात्र चित्रपटाला दिला जातो.

डेसिबल हे आवाजाची पातळी सांगणारे एकक असले, तरी किलो किंवा मीटर यांसारखे ते सरळ बेरजेने वाढत नाही. पातळी तीन डेसिबलने वाढवायची तर स्पीकरला दुप्पट विद्युतशक्ती पुरवावी लागते, आणि दहा डेसिबलने वाढवायची तर दहापट. तरीही कानाला ही दहापट शक्ती साधारण दुप्पट मोठ्या आवाजाएवढीच जाणवते. एका डेसिबलचा फरक सलग आवाजात जेमतेम ओळखू येतो. त्यामुळे रिसीव्हर, म्हणजे सर्व स्पीकरांना जोडलेले आणि त्यांना शक्ती पुरवणारे मुख्य यंत्र, प्रत्येक स्पीकरसाठी अर्ध्या किंवा एका डेसिबलच्या पायऱ्यांनी पातळी कमी-जास्त करण्याची सोय देते, ती पुरेशी ठरते. याच यंत्राच्या पडद्यावर आवाजाचा आकडा अनेकदा उणे दाखवला जातो, आणि त्याने पुष्कळ लोक गोंधळतात. तेथील शून्य म्हणजे शांतता नव्हे. जुळवणी झालेल्या रिसीव्हरवर ते स्टुडिओच्या मापाइतके मोठे असते, आणि उणे वीस म्हणजे त्या मापापेक्षा वीस डेसिबल खाली.

पाचही स्पीकर एकाच कंपनीचे आणि एकाच संचातील असले, तरी त्यांची पातळी आपोआप सारखी का येत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. याचे पहिले कारण अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने घटतो. समजा, एखाद्या सदनिकेतील दिवाणखाना १६ फूट लांब आणि ११ फूट रुंद आहे, टीव्हीकडचे स्पीकर सोफ्यापासून १० फुटांवर आहेत, आणि सोफा एका भिंतीकडे सरकलेला असल्यामुळे डावा सराउंड कानापासून ४ फुटांवर, तर उजवा ७ फुटांवर आला आहे. केवळ हिशेबाने पाहिले, तर डावा सराउंड पुढच्या स्पीकरांपेक्षा आठ डेसिबलने आणि उजवा तीन डेसिबलने मोठा ऐकू येईल. प्रत्यक्ष खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळत असल्याने हा फरक थोडा मावळतो, पण नाहीसा होत नाही. दुसरे कारण स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच शक्तीवर तो किती मोठा वाजतो हे सांगणारा गुण. पुढचे मोठे स्पीकर ९० डेसिबलचे आणि मागचे छोटे ८६ चे असतील, तर मागच्यांना त्याच पातळीला येण्यासाठी अडीचपट शक्ती लागते. तिसरे कारण जागा: कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरला दोन भिंतींचा आधार मिळून त्याचा खालचा आवाज फुगतो, तर बाल्कनीच्या उघड्या दारापाशी ठेवलेल्या त्याच्याच जोडीदाराचा आवाज बाहेर निघून जातो.

पातळी जुळवण्याआधी अंतराचे आकडे रिसीव्हरमध्ये भरणे आवश्यक असते, आणि यामागचे कारण केवळ पातळीचे नाही. ध्वनी एका मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, साधारण ३४ सेंटिमीटर, म्हणजे फुटाहून किंचित अधिक, अंतर कापतो. ४ फुटांवरच्या स्पीकरचा आवाज १० फुटांवरच्या स्पीकरच्या आवाजापेक्षा पाच मिलिसेकंदांहून अधिक काळ आधी पोहोचतो, आणि कान पहिल्यांदा आलेल्या आवाजाच्या दिशेलाच उगम मानतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये दाखवून दिले की, मागाहून येणारा तोच आवाज बराच मोठा असला, तरी ऐकणाऱ्याला तो पहिल्याच दिशेने आल्यासारखा वाटतो. म्हणून रिसीव्हर जवळच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडतो, आणि तो किती उशिरा सोडायचा हे त्याला अंतराच्या आकड्यांवरून कळते. फीत सोफ्यावरच्या डोक्याच्या जागेपासून स्पीकरच्या तोंडापर्यंत धरावी. भिंतीपासून किंवा टीव्हीपासून मोजलेले अंतर येथे उपयोगाचे नाही.

प्रत्यक्ष जुळवणीसाठी रिसीव्हरच्या मेनूत चाचणी-आवाज दिलेला असतो. त्याला पिंक नॉइज म्हणतात, आणि तो दुरून ऐकू येणाऱ्या धबधब्यासारखा सलग असतो. त्यात कंपनसंख्येच्या प्रत्येक पट्टीत, म्हणजे १०० ते २००, २०० ते ४००, ४०० ते ८०० अशा प्रत्येक दुपटीत, सारखीच ऊर्जा असते, त्यामुळे कोणा एका स्वराच्या चढउताराने माप फसत नाही. हा आवाज एकेका स्पीकरमधून क्रमाने फिरतो. मोजण्यासाठी ध्वनिपातळी मापक वापरावा. तो नसेल तर मोबाइलवरचे अ‍ॅपही सेंटर, पुढचे आणि मागचे स्पीकर एकमेकांशी ताडून पाहण्यापुरते चालते, कारण येथे आकडा खरा असण्यापेक्षा सर्व ठिकाणी सारखा असणे महत्त्वाचे आहे. मापकावर ‘सी’ भारांकन आणि ‘स्लो’ प्रतिसाद निवडावा. भारांकन म्हणजे निरनिराळ्या कंपनसंख्यांना मापकाने द्यावयाचे महत्त्व. ‘ए’ भारांकन खोल आवाज जवळजवळ गाळून टाकते, तर ‘सी’ भारांकन ते बऱ्याच अंशी जसेच्या तसे मोजते.

माइक जेथे ठेवला जातो तेथे अर्ध्याहून अधिक चुका होतात. मापक हातात धरून छातीशी आणला की अंगावरून परतणारा आवाज मापात शिरतो, आणि सोफ्याच्या उंच पाठीला टेकवला की कापूस व रेक्झिन आपला वाटा उचलतात. कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, माइकचे तोंड छताकडे करून तो उभा करणे हा सर्वांत सरळ उपाय आहे. तिकाटणे नसेल, तर सोफ्यावर पुस्तके रचून कानाएवढी उंची साधता येते. छताचा पंखा बंद करावा, कारण त्याची हवा माइकवर आदळली की मापकाचा आकडा उगाच डोलत राहतो. स्वयंपाकघरात कुकर लावलेला नसावा आणि फ्रिजचा कंप्रेसर थांबेपर्यंत वाट पाहावी. रस्त्यावरच्या रहदारीची चिंता मात्र फारशी करण्याचे कारण नाही, कारण मोजावयाचा आवाज भोवतालच्या आवाजापेक्षा दहा डेसिबलने वर असला, की त्या भोवतालामुळे होणारी चूक अर्ध्या डेसिबलहूनही कमी असते.

स्टुडिओत ८५ डेसिबलवर जे काम होते, ते घरी बहुधा ७५ वर केले जाते, कारण रिसीव्हरमधला चाचणी-आवाजच दहा डेसिबलने खालचा ठेवलेला असतो. माप तेच राहते आणि कानांना त्रास कमी होतो. मुख्य आवाज शून्यावर आणून चाचणी सुरू केली, की समजा सेंटरवर मापक ७३.५ दाखवतो, डाव्या पुढच्यावर ७५, उजव्या पुढच्यावर ७५.५, उजव्या सराउंडवर ७७ आणि डाव्या सराउंडवर ८०. मग सेंटर दीड डेसिबलने वर, उजवा पुढचा अर्ध्याने खाली, उजवा सराउंड दोनाने आणि डावा पाचाने खाली घेतला जातो, आणि सारी फेरी पुन्हा एकदा मोजली जाते. आकडा दोन-तीन सेकंद स्थिरावू द्यावा आणि त्याच्या डोलण्याचा मध्य धरावा. इतकेच हे काम आहे, पण ते कानाने करायला गेले, तर हमखास बिघडते. मागून येणारा तोच आवाज कानाच्या पाळीच्या आकारामुळे दबका आणि थोडा अंधुक ऐकू येतो, म्हणून कान त्याला लहान समजतो व सराउंड वाढवून ठेवतो. कानाच्या पारखीला मान आहे, पण या एका टप्प्यावर तिने मापकाच्या मागे चालावे.

सबवूफरची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यावर अधिक वेळ द्यावा लागतो. घरातील सबवूफर दोन कामे एकदम करतो: चित्रपटात खास त्याच्यासाठी राखलेला खोल आवाज वाजवणे, आणि छोट्या स्पीकरांना न पेलणारा खालचा भाग त्यांच्याकडून उचलून घेणे. ही विभागणी बहुधा ८० हर्ट्‌झवर, म्हणजे सेकंदाला ८० कंपनांवर, केली जाते, कारण त्याखालचा आवाज कोणत्या दिशेने आला हे कानाला सहज ओळखता येत नाही. राखीव चॅनेलचा आवाज इतर चॅनेलांपेक्षा दहा डेसिबल अधिक जोराने वाजवण्याचा संकेत आहे, पण ही भर रिसीव्हर आतल्या आत घालतो. मापकावर सबवूफरही इतरांच्या बरोबरीनेच आणायचा असतो. येथे मोबाइलचे अ‍ॅप निरुपयोगी ठरते, कारण मोबाइलचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि खोल आवाज तो धड पकडत नाही.

खरी अडचण खोलीची असते. खोल आवाजाची लाट लांबलचक असते, आणि समोरासमोरच्या भिंतींत ती नेमकी मावली, की तो विशिष्ट स्वर खोलीत काही ठिकाणी फुगतो आणि काही ठिकाणी जवळजवळ नाहीसा होतो. वरच्या उदाहरणातील १६ फुटी लांबीत हे सुमारे ३५ हर्ट्‌झवर आणि ११ फुटी रुंदीत सुमारे ५१ हर्ट्‌झवर घडते. लांबीच्या बरोबर मध्यावर सोफा असेल, तर ३५ हर्ट्‌झचा गडगडाट तेथे क्षीण होतो. तोच सोफा मागच्या भिंतीला चिकटवला, तर तो स्वर अंगावर येतो. म्हणून सबवूफरची जागा पातळीच्या आधी ठरवावी, आणि ती ठरवण्याची जुनी युक्ती फार उपयोगी आहे: सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, डोक्याच्या जागी ठेवावा, त्यातून खोल स्वरांचे संगीत वाजवावे, आणि खोलीत भिंतीकडेने गुडघ्यांवर हिंडत जेथे हे स्वर सर्वांत समतोल व स्वच्छ ऐकू येतात ती जागा शोधून पेटी तेथे हलवावी. लहान घरात अशा दोन-तीनच जागा मोकळ्या असतात, पण त्यांतही फरक स्पष्ट जाणवतो.

सबवूफरच्या पाठीमागे त्याचे स्वतःचे आवाजाचे बटण असते, आणि रिसीव्हरमधली पातळी त्याहून वेगळी असते. मागचे बटण फार वर ठेवले, तर रिसीव्हरला आपली पातळी उणे बारापर्यंत, म्हणजे अनेक यंत्रांवर शेवटच्या टोकापर्यंत, खाली ओढावी लागते. असा आकडा दिसला की तो खरा समजू नये, कारण यंत्राला कदाचित आणखी खाली जायचे असते आणि जाता येत नसते. मागचे बटण कमी करून पुन्हा मोजावे. त्याच पाठीवर बहुधा शून्य आणि एकशे ऐंशी अंशांची कळही असते. पुढच्या स्पीकरचा पडदा बाहेर येत असताना सबवूफरचा आत जात असेल, तर ८० हर्ट्‌झच्या आसपास दोघे एकमेकांचा आवाज मारतात. दोन्ही स्थितींत तेच संगीत ऐकून जी भरीव वाटेल ती ठेवावी. हीच चूक इतर स्पीकरांच्या तारांतही होते. लाल टोकाला काळी तार लागली, की पातळी मापकावर अचूक दिसूनही आवाज मध्यावर ठरत नाही, तो डोक्याभोवती पसरून राहतो. मापक हा दोष दाखवू शकत नाही.

आजच्या बहुतेक रिसीव्हरांबरोबर छोटा माइक येतो आणि ऑडिसी, वायपीएओ, डिरॅक अशा नावांच्या प्रणाली अंतर, पातळी आणि काही प्रमाणात स्वरांचा समतोल आपोआप ठरवतात. त्यांचा उपयोग अवश्य करावा. मात्र माइक सोफ्यावरच्या निरनिराळ्या जागी हलवण्यास सांगितले असता तो एकाच ठिकाणी ठेवून सारी मोजमापे उरकणे, किंवा मोजणी चालू असताना घरच्यांचे बोलणे चालू असणे, या कारणांनी निकाल बिघडतात. यंत्राने दिलेले आकडे एकदा वाचून पाहावेत. सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवले असेल, तर ते ‘दुरुस्त’ करू नये. सबवूफरच्या आतील परिपथामुळे लागणारा उशीर यंत्राने त्यात धरलेला असतो. सराउंडची पातळी अनपेक्षितपणे खूप वर किंवा खाली गेली असेल, तर बहुधा एखादी तार सैल असते किंवा पडद्यामागे, कपाटाआड स्पीकर झाकला गेलेला असतो. साउंडबारबरोबर मागचे दोन छोटे स्पीकर मिळतात, त्या संचांतही रिमोटवर मागच्या आणि वूफरच्या पातळीची बटणे असतात, आणि तेथेही हाच विचार लागू पडतो.

सराउंड स्पीकर वाढवण्याचा मोह अनावर असतो. पैसे मोजून, भिंतीला भोके पाडून, खोलीभर तारा ओढून जे बसवले ते ऐकू आलेच पाहिजे, ही भावना स्वाभाविक आहे. दुकानातही हा संच विकताना मागचे स्पीकर मुद्दाम चढवून दाखवले जातात. परंतु बहुतांश चित्रपटांत त्यांच्याकडे वातावरणाचे काम असते: रातकिड्यांची किरकिर, रेल्वे फलाटावरची गर्दी, देवळाच्या गाभाऱ्यातला घुमारा, पार्श्वसंगीताचा विरत जाणारा शेवट. तंबोऱ्याच्या चार तारा नीट लागल्या की कोणतीही एक तार वेगळी कानात शिरत नाही, सर्वांचा मिळून एक भरलेला स्वर होतो आणि गायकाला त्यावर उभे राहता येते. मागच्या स्पीकरांचे चांगले काम अगदी याच जातीचे आहे. ते चालू आहेत हे चित्रपट चालू असताना सतत जाणवत असेल, तर ते मोठे आहेत. चाचणी म्हणून एखाद्या पावसाच्या दृश्यात ते मधेच बंद करून पाहावेत: खोली एकाएकी आक्रसल्यासारखी वाटली पाहिजे.

सेंटरच्या बाबतीत मात्र थोडी सूट घेण्यास हरकत नाही. चित्रपटातील बहुतेक संवाद याच एका स्पीकरमधून येतात, आणि आपल्याकडे तो बहुधा टीव्हीच्या कपाटातील खालच्या खणात, आत सरकवून ठेवलेला असतो, जेथे खणाच्या लाकडावर आदळून त्याचा आवाज घोगरा होतो आणि गुडघ्यांच्या दिशेने जातो. तो खणाच्या कडेशी आणून, पुढच्या बाजूखाली रबराचे तुकडे सरकवून, तोंड कानांकडे वळवले, तर मापकावर फरक पडो न पडो, शब्द उघडतात. त्यानंतरही संवाद मंद वाटले, तर सेंटर एक-दोन डेसिबलने चढवावा. चार-पाच डेसिबल चढवूनही समाधान होत नसेल, तर दुखणे पातळीचे नाही. टीव्ही रिसीव्हरला पाच चॅनेलांऐवजी दोनच पाठवत असण्याची शक्यता तपासावी, आणि त्यातूनही उत्तर न मिळाल्यास खोलीकडे पाहावे.

गुळगुळीत फरशी, सिमेंटच्या उघड्या भिंती, काचेची सरकती दारे अशा आजच्या दिवाणखान्यात टाळी वाजवली तर ती क्षणभर झणझणत राहते. अशा खोलीत प्रत्येक शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते, आणि आवाज वाढवला की शेपटीही वाढते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका सभागृहात व्याख्याने कळेनाशी झाल्यावर वॉलेस सबाइन या पदार्थविज्ञानाच्या तरुण अध्यापकाने १८९५ च्या सुमारास हा प्रश्न हाती घेतला, रात्रीच्या शांततेत दुसऱ्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या आणून तेथे पसरल्या, आणि किती गाद्यांनी आवाजाचे घुमणे किती घटते याचे मोजमाप केले. खोलीच्या ध्वनिशास्त्राची पायाभरणी त्यातून झाली. त्याचा धडा घरीही तसाच लागू आहे. सोफ्यापुढे जाड सतरंजी किंवा गालिचा, काचेवर चुणीदार जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेली मांडणी एवढ्याने संवादात जी स्पष्टता येते, ती रिसीव्हरच्या कोणत्याही बटणाने येत नाही. अशी बदलाबदल केल्यावर पातळी पुन्हा एकदा मोजावी.

स्टुडिओच्या मापाने, म्हणजे रिसीव्हरच्या शून्यावर, घरात चित्रपट पाहण्याची गरज नाही, कारण त्या मापावर एकेका मुख्य चॅनेलचे टोकाचे आवाज १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतात आणि लहान खोलीत ते असह्य होतात. बहुतेक घरांत उणे पंधरा ते उणे पंचवीस या दरम्यानच समाधान होते. मात्र मुख्य आवाज असा खाली आला, की कानाचा एक स्वभाव आड येतो. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले की, आवाज जसजसा मंद होतो तसतसे खोल स्वर मध्यम स्वरांपेक्षा जास्त वेगाने कानाआड होतात. त्यामुळे अचूक जुळवलेला संच हळू आवाजात पातळ वाटतो, आणि लोक सबवूफर चढवून ठेवतात, जो मग एखाद्या दिवशी मोठ्या आवाजात चित्रपट लावला की घर डोक्यावर घेतो. मुख्य आवाजाप्रमाणे खोल स्वरांची भर आपोआप कमी-जास्त करणारी सोय बऱ्याच रिसीव्हरांत असते, ती चालू ठेवणे हा जास्त शहाणपणाचा मार्ग आहे. रात्रीसाठी लहान-मोठ्या आवाजांतील दरी कमी करणारा ‘नाइट’ पर्यायही असतो. भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत पातळीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. सदनिकांत भिंतीपलीकडे सर्वांत सहज पोहोचतो तो सबवूफरचाच आवाज, कारण लांब लाटांना सहा इंची भिंत फारशी अडवू शकत नाही. रात्री तो तीन-चार डेसिबलने उतरवणे शेजारधर्माचे आहे.

एवढे सारे करूनही एक मर्यादा उरते, ती म्हणजे ही जुळवणी एका डोक्याच्या जागेसाठी झालेली असते, आणि घरात चित्रपट पाहायला पाच जण बसतात. सोफ्याच्या मध्यावरच्या माणसाला जे समतोल वाटते, तेच टोकाला बसलेल्या आजींना डाव्या कानात सतत कोणीतरी पुटपुटल्यासारखे होते, कारण सराउंड त्यांच्यापासून दोन फुटांवर असतो. अशा वेळी मापक मध्यावरून उचलून त्या टोकाच्या जागेवरही ठेवावा, दोन्ही ठिकाणचे आकडे लिहून घ्यावेत, आणि जवळचा सराउंड मध्याच्या हिशेबापेक्षा दोन-एक डेसिबल खालीच ठेवावा. जमल्यास तो बसलेल्यांच्या डोक्याहून दोन-तीन फूट वर चढवावा, म्हणजे जवळच्या आणि दूरच्या माणसाच्या अंतरातील तफावत घटते. मध्यावर बसणाऱ्याच्या वाट्याचे थोडे वातावरण त्यात कमी होते, पण आजींना पडद्यावरचे संवाद ऐकू येऊ लागतात.